बोल्झानो: आल्प्समध्ये जाताय? स्वेटर घरीच ठेवा

आल्प्स म्हटल्यावर आईने बॅगेत दोन स्वेटर, कानटोपी आणि व्हिक्सची डबी कोंबली. वेरोनाहून ट्रेनने उत्तर इटलीतल्या बोल्झानोला उतरलो तर दादरचा पूल चढून आल्यासारखा घाम. शहर डोंगरांच्या वाटीत बसलंय, उंची जेमतेम २६० मीटर, जूनमध्ये नुसती भट्टी. थंडी फक्त एकालाच, ओट्झीला. हा १९९१ साली बर्फात सापडलेला ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस, म्युझियममध्ये उणे ६ डिग्रीत ठेवलाय आणि एका छोट्या खिडकीतून बघायचा. मला वाटलेलं बघून कसंतरी होईल, पण मी जास्त वेळ त्याच्या आत गवत भरलेल्या बुटांपाशीच उभी. सोमवारी बहुतेक महिने म्युझियम बंद असतं हं, आम्ही नेमके सोमवारीच पोचलो होतो, दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं.

सायकलिंगसाठी मात्र शंभर मार्क. मुंबईत मी सायकल चालवायची हिंमत करत नाही, इथे नदीकाठाने वेगळा ट्रॅक, हॉर्न नाही काही नाही. काल्टर्न गावाकडे जाणारा रस्ता जुन्या रेल्वेलाइनवर केलाय त्यामुळे चढ आहे पण अंगावर येत नाही, दोन्हीकडे सफरचंदाच्या आणि द्राक्षाच्या बागा, मी दर पाच मिनिटांनी फोटोला थांबत होते आणि नवरा पुढे जाऊन वैतागत होता. तक्रार एकच, भाड्याची सायकल परत करायला सव्वाला आलो तर दुकानाचं शटर डाऊन, तीनला उघडणार. पुण्याला उगाच नावं ठेवतो आपण! सायकली धरून फुटपाथवर बसलो, उन्हात.

सगळ्यात भारी शहराच्या वरच्या रेनोन पठारावर जाणारी केबल कार. शहरातून बसायचं, १२ मिनिटांत जवळजवळ साडेनऊशे मीटर वर, कानात दडे बसतात आणि वर दार उघडलं की चक्क वारा. तिथून पुढे छोटी ट्रेन, ती १९०७ ची, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीच्याच वयाची. फरक एवढाच की ही वेळेवर सुटते आणि डब्यात माकडं नाहीत. शेवटच्या स्टेशनपासून थोडं चाललं की मातीचे उंच सुळके दिसतात, प्रत्येकाच्या डोक्यावर एक धोंडा. धोंडा आहे तोवर खालची माती पावसात टिकते, तो पडला की सुळका हळूहळू वाहून जातो. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पत्रा घातलाय तसंच थोडंफार. हॉटेलवाल्यांकडून गेस्ट पास नक्की मागून घ्या, केबल कार, ही ट्रेन, बस सगळं त्यात फुकट.

पाट्या सगळ्या इटालियन आणि जर्मन दोन्ही भाषांत, कारण पहिल्या महायुद्धापर्यंत हा भाग ऑस्ट्रियाचा होता. वेटरने मला दोन भाषांत विचारून बघितलं, मी दोन्हीत नुसती हसले. व्हेजवाल्यांनी पालकाचे क्नोडेल मागवा, शिळ्या पावाचे मोठे गोळे, वर बटर आणि चीज. पोट भरतं पण चौथ्या दिवशी मला लसणाची चटणी आठवली, जी आईने दिलेली आणि मी स्वेटरला जागा करायला बाहेर काढून ठेवलेली.