ड्राइव्हवे दुरुस्त करायचा की उखडून नवा टाकायचा?

गेटपासून गाडी लावायच्या जागेपर्यंतचा जो काँक्रीटचा पट्टा असतो त्याला भेगा पडल्या की घरात लगेच दोन पार्ट्या होतात. एक म्हणते भेगांत सिमेंट भरा आणि विषय संपवा, दुसरी म्हणते एकदाच सगळं उखडा, रोजची कटकट नको. मी दोन्ही करून बसलोय. आमच्याकडे तीन वेळा भेगा भरल्या आणि तिन्ही वेळा वर्षाच्या आत त्याच जागी परत उघडल्या, शेवटी वैतागून गेटजवळचा अर्धा भाग फोडला तेव्हा दिसलं की स्लॅबखाली अख्खा हात जाईल एवढी पोकळी झालीये, कारण गच्चीच्या पाइपचं पाणी तिथेच पडायचं आणि खालचा भराव हळूहळू घेऊन जायचं. म्हणजे तीन वेळा आम्ही भेगेवर खर्च केला आणि दुखणं होतं खाली. तेव्हापासून मला कोणी विचारलं की मी भेग किती मोठी आहे हे नंतर विचारतो, आधी विचारतो की खालचा बेस, म्हणजे काँक्रीटखालचा दाबलेला भराव, कसा आहे आणि पाणी कुठे जातं.

हे बघायला इंजिनियर लागतोच असं नाही. एक हातोडी घ्या आणि फूटभर अंतराने सगळीकडे हळू ठोकत जा, भक्कम जागी टणक आवाज येतो आणि जिथे खाली पोकळ आहे किंवा वरचा थर सुटलाय तिथे आवाज बदलतो, भद्द येतो, तिथे खडूने गोल करा. मग पाण्याचा पाइप सोडून बघा, पाणी घराकडे येतंय का, कुठे साचतंय, भेगेत शिरून गायब होतंय का. आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करून अंतर मोजा, तारखेसकट लिहून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी परत मोजा. अंतर वाढलं तर भेग अजून चालू आहे, म्हणजे खाली काहीतरी हलतंय. मला वाटतं बहुतेक लोक घाई करतात ती इथेच, मिस्त्री येतो, बघतो, दहा मिनिटांत आकडा सांगतो आणि आपण हो म्हणतो.

आता दोन्ही पर्याय समोरासमोर ठेवून बघू.

केसासारख्या बारीक भेगा, म्हणजे साधारण ३ मिमीपेक्षा कमी, दोन्ही कडा एका लेव्हलला, आवाज भक्कम, तर उखडायचा विचारसुद्धा करू नका. काँक्रीट वाळताना आकसतं, त्यात अशा भेगा पडतातच. फक्त पाणी आत जाऊ नये म्हणून सील करा. भेग ६ मिमीच्या वर असेल तरी एकट्या रुंदीवरून घाबरू नका, पण एक बाजू वर एक खाली झाली असेल तर तो प्रश्न बेसचा आहे आणि तिथे नुसतं भरणं म्हणजे पैसे पाण्यात. भरायचं काय हेही महत्त्वाचं, कारण बहुतेक ठिकाणी साधं सिमेंट-वाळूचं मिश्रण कोंबतात. भेग उन्हात-थंडीत थोडी उघडझाप करते, सिमेंट कडक, ते एका बाजूने सुटतंच. हलणाऱ्या भेगेला पॉलियुरेथेन सीलंटसारखं रबरी काहीतरी लागतं, आणि ज्या भेगेची हालचाल पूर्ण थांबलीये तिथे इपॉक्सी, म्हणजे कडक होणारं चिकट रसायन, चालतं. भेग आधी ग्राइंडरने थोडी रुंद करून धूळ पूर्ण काढायची, ही मेहनत टाळली की चांगलं मटेरियलसुद्धा टिकत नाही.

वरचे पोपडे निघतायत, खडी दिसायला लागलीये पण खाली सगळं ठीक आहे, असं असेल तर वरून पॉलिमरवाला पातळ थर देता येतो आणि तो नीट केला तर छान टिकतो. पण सुटलेलं सगळं खरवडून काढायचं, खड्ड्याच्या कडा उभ्या कापायच्या, कारण कडेला कागदासारखा पातळ केलेला पॅच सगळ्यात आधी उडतो. आणि जुन्या भेगा या थराखाली लपत नाहीत, जी भेग हलते ती थोड्या दिवसांत वरच्या थरातून परत डोकं वर काढते. ‘वरून कोट मारून नव्यासारखं करून देतो’ असं कोणी म्हणालं तर भेगांचं काय करणार हे आधी विचारा.

खचलेल्या स्लॅबचा मामला मधला आहे. स्लॅब अख्खा आहे, तुटलेला नाही, फक्त एका कडेने बसलाय, तर त्याला लहान भोकं पाडून खालून सिमेंट-मातीचा गारा किंवा फोम दाबाने भरून उचलता येतो, आणि हे उखडण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आणि लवकर होतं. पण स्लॅबचे चार-पाच तुकडे झाले असतील तर उचलून काय करणार, आणि पाणी तसंच वाहत राहिलं तर पुन्हा बसेल. झाडाच्या मुळाने वर उचललेला भाग असेल तर मुळाचा बंदोबस्त झाल्याशिवाय दुरुस्ती काय आणि नवं काय, दोन्हीचा उपयोग नाही. मोठ्या झाडाची जाड मुळं सरसकट तोडू नका, झाड आडवं होऊ शकतं. त्यापेक्षा रस्ता थोडा वळवा किंवा तेवढ्या भागात पेव्हर ब्लॉक टाका.

डांबराचा असेल तर मगरीच्या पाठीसारखी जाळी पडलीये का बघा, ती म्हणजे बेस गेल्याची खूण आणि तेवढा भाग खालपर्यंत खोदून परत भरावाच लागतो. सुटी सुटी भेग किंवा एखादा खड्डा असेल तर दुरुस्ती पुरते. बेस चांगला असेल तर वरून दीड-दोन इंचांचा नवा थर पण होतो, फक्त लेव्हल वाढते, गेट घासतं आणि पाणी घराकडे वळू शकतं, हे आधी मोजा. पेव्हर ब्लॉकवाले सगळ्यात सुखी, खचलेले ब्लॉक काढा, खालची खडी-वाळू धुम्मस मारून नीट बसवा, तेच ब्लॉक परत लावा. कडेचा कर्ब मात्र पक्का पाहिजे, नाहीतर ब्लॉक बाहेर सरकत राहतात.

नवं टाकायचं ठरलं तर मग कंजुषी बेसमध्ये करू नका, माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच. लोक ग्रेड विचारतात, फिनिश विचारतात, आणि खाली काय टाकणार ते विचारतच नाहीत. खाली ४ ते ६ इंच खडी थरांमध्ये दाबलेली, वर कारसाठी निदान ४ इंच काँक्रीट, जड गाडी येत असेल तर ५-६ इंच. ढाळ घरापासून लांब, दर १० फुटांना अडीच इंचाच्या आसपास. सळयांची जाळी टाकत असाल तर ती कव्हर ब्लॉकवर, म्हणजे छोट्या ठोकळ्यांवर, उचललेली पाहिजे, जमिनीवर पडलेली जाळी काही काम करत नाही. ४ इंची स्लॅबला ८ ते १० फुटांवर जॉइंट, म्हणजे मुद्दाम पाडलेल्या सरळ खाचा, कापायचे, खोली जाडीच्या पावपट म्हणजे इंचभर, आणि ते लवकर, ओतल्यापासून दिवसभराच्या आत, नाहीतर काँक्रीट स्वतःच्या मनाने जागा निवडून तडकतं. भिंतीला लागून मऊ पट्टी ठेवायची. आणि काम सोपं जावं म्हणून मिश्रणात जास्तीचं पाणी ओतू देऊ नका, त्याने वरचा थर कच्चा राहतो.

वेळेचा फरक पण धरा. भेगा भरणं एक-दोन दिवसांचं काम. नव्यात फोडणं, राडारोडा उचलणं, बेस, ओतणं, मग निदान ७ दिवस ओलं ठेवणं, तोवर गाडी बाहेर, आणि पूर्ण ताकद साधारण २८ दिवसांनी, म्हणून त्याआधी ट्रक-टेम्पो आत घेऊ नका. घरात व्हीलचेअर किंवा चालायला त्रास असलेलं माणूस असेल तर तेवढे दिवस आत-बाहेर कसं करणार हे आधी ठरवा, आणि तसं माणूस असेल तर वरखाली झालेली अर्ध्या इंचाची कडसुद्धा पुढच्या महिन्यावर ढकलू नका, ठेच तिथेच लागते.

पैशाचा माझा हिशोब असा आहे की दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जायला लागला किंवा पाव-एक तृतीयांश भाग खराब असला की मी नव्याकडे झुकतो, त्याआधी नाही. आणि एक मधला रस्ता कोणी सुचवत नाही म्हणून सांगतो, अख्खा उखडायची गरज नसते, जॉइंटपासून जॉइंटपर्यंत तेवढाच खराब चौकोन कापून नवा टाकता येतो. रंग जुळत नाही, ते डोळ्याला काही वर्षं खटकतं, पण खर्च कितीतरी कमी.

आम्ही तेच केलं. गेटजवळचा भाग बेससकट नवा, पाइपचं पाणी लांब नेऊन सोडलं, आणि घराजवळचा जुना भाग ठोकून बघितला तर आवाज भक्कम होता, म्हणून त्याच्या दोन भेगा फक्त सीलंटने भरल्या. पेन्सिलच्या खुणा अजून आहेत तिथे, दर सहा महिन्यांनी मोजतो, अंतर अजून तेवढंच आहे.