‘कात टाकतोय’ म्हणून विकलेला आजारी इग्वाना

आमच्यासारखीच आणखी दोन घरं त्याच माणसाकडून फसून आल्याचं नंतर कळलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मुलगा नववीत आहे. दोन वर्षं इग्वानाचा, म्हणजे पाळायच्या मोठ्या हिरव्या सरड्याचा, हट्ट धरून बसला होता. गेल्या आषाढात मी हो म्हटलं. विक्रेता इन्स्टाग्रामवर सापडला. इंदूरमध्येच एका इमारतीच्या तळघरात त्याचा धंदा, बाहेर पाटीसुद्धा नाही. पिल्लू फूटभर लांब, हिरवंगार, दिव्याखाली अंग नुसतं तकतकत होतं. मुलाने तिथल्या तिथे त्याचं नाव पन्ना ठेवलं. शेपटीच्या बुडाशी आणि मागच्या पायाच्या बोटांवर पिवळट-तपकिरी खपल्या दिसत होत्या. मी विचारलं, तर म्हणाला, “अरे भिया, केंचुली उतार रहा है. आठ दिन में साफ.” मला पटलं. साप कात टाकतो, तसा हाही टाकत असेल.

इग्वाना ६,००० रुपये, पिंजरा आणि दिवा ५,५००. वर ‘स्पेशल रेप्टाइल सॅनिटायझर’ची बाटली ६५० ला आणि कात सुटायचं तेल ४०० ला. सॅनिटायझर पाण्यात मिसळून रोज दोनदा पिंजऱ्यात आणि पन्नाच्या अंगावरही फवारायचं, तेल चोळायचं, आणि खालचा लाकडाचा भुसा महिनाभर हलवायचा नाही, कारण “उसको अपनी खुशबू चाहिए.” मुलाने हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि इमानेइतबारे केलं. त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

पावसाळी हवा, रोजची फवारणी, भुसा सतत ओला. दहा-बारा दिवसांत पन्नाने जास्वंदीची पानं खाणं सोडलं. डोळे अर्धवट मिटलेले. खपल्या पोटाकडे सरकल्या, कडेने ओलसर झाल्या आणि त्यांना घाण वास येऊ लागला.

बाटलीचं गुपित आईने ओळखलं. तिने बादलीत थोडं ओतलं, पाणी दुधासारखं पांढरं झालं. वास घेऊन म्हणाली, “अरे, हे तर आपलं फरशीचं फिनाइल!” चाळीस वर्षं रोज फरशी पुसणाऱ्या बाईचं नाक चुकत नाही. आम्ही ते बारा दिवस त्या मुक्या जिवाच्या अंगावर मारत होतो.

इंदूरजवळ महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे इकडे प्राण्यांचे डॉक्टर मिळतात, पण सरपटणारे प्राणी बघणारे थोडे. दोन ठिकाणी नाही ऐकल्यावर तिसऱ्या डॉक्टरबाई मिळाल्या. त्यांनी आधी अंगावरचं तेल पुसलं, आणि खाली दिसलं ते बघून मुलगा खोलीबाहेर गेला. खवले गळून लाल मांस उघडं पडलं होतं. अशा खपल्यांमागे नॅनिझिऑप्सिस नावाची बुरशीही असू शकते. ती एका सरड्यातून दुसऱ्यात पसरते आणि जीव घेते. म्हणून त्यांनी खपलीचा नमुना तपासायला पाठवला. नशिबाने बुरशी निघाली नाही. ओल्या, घाण भुशात राहून झालेला जिवाणूंचा संसर्ग होता आणि तो विकायच्या आधीपासूनचा होता. फिनाइलने कातडी भाजून तो आत शिरला. त्या म्हणाल्या, फिनाइल जातीचं काहीही सरड्याच्या आसपाससुद्धा नको. पाच आठवडे उपचार चालले. पन्ना वाचला, पण मागच्या पायाची दोन बोटं गेली.

कात कशी असते, हे त्यांनी दाखवलं. सरड्याची कात सापासारखी अखंड निघत नाही, तुकड्या-तुकड्यांनी सुटते. पण तो तुकडा पातळ, कांद्याच्या सालीसारखा असतो आणि त्याखाली ताजी, कोरडी, जास्त उजळ कातडी दिसते. जाड, पिवळी, ओलसर कडेची खपली म्हणजे कात नव्हे. घेताना जनावर उचलून पोट, बोटांची पेरं आणि शेपटीचं बूड कापसाने पुसून बघा. कापूस तेलकट झाला, तर खपल्या झाकायला तेल लावलंय असं समजा आणि तिथूनच मागे फिरा.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, “तुमने पानी ज्यादा मारा होगा.” दुसऱ्या दिवशी त्याने नंबर ब्लॉक केला. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर तक्रार केली, पण आमच्याकडे पुरावा म्हणून एक साधी चिठ्ठी, ‘एक लिझर्ड, पैसे मिळाले’. ना बिल, ना प्राण्याचे कागद. इग्वाना ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, हे मला पैसे दिल्यावर कळलं. कागद न देणारा पुढे हात वर करणारच, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

आता आमच्याकडे भुसा नाही, साधा वर्तमानपत्राचा कागद आहे. ओला झाला की लगेच दिसतो, लगेच बदलता येतो. विष्ठा आणि उरलेली पानं रोज काढतो. आठवड्यातून एकदा पन्नाला दुसऱ्या खोलीत ठेवून पिंजरा रिकामा करतो. आधी साबणाने घासून घाण काढायची, कारण घाणीवर जंतुनाशक मारून उपयोग नसतो. मग दहा भाग पाण्यात एक भाग ब्लीच, दहा मिनिटं तसंच ठेवायचं, वास जाईपर्यंत धुवायचं आणि उन्हात खडखडीत वाळवायचं. ब्लीचमध्ये दुसरं काही मिसळायचं नाही, विशेषतः संडास साफ करायचं ॲसिड तर नाहीच, विषारी वायू होतो. जुन्या ओंडक्यात ओल मुरली होती, तो टाकूनच दिला. बादली आणि ब्रश वेगळे. स्वयंपाकघराच्या मोरीत यातलं काही धुवायचं नाही, कारण सरड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो. हात लावला की साबणाने हात धुणं आलंच.

गेल्या आठवड्यात मुलाने मला त्या माणसाचं नवीन खातं दाखवलं. नाव बदललंय, तळघर तेच. चार पिल्लांचे फोटो, सगळी तकतकीत. पोटाकडून काढलेला फोटो एकही नाही.