टोकियोतल्या सोबा-टपरीचं तिकीट-यंत्र : अकरा महिने वापरल्यावर

सप्टेंबर 2024 मध्ये नोकरीसाठी टोकियोला आले, तेव्हा जपानीतले मोजून दहा शब्द येत होते. घर निशि-कासाईला. संध्याकाळी ऑफिसातून निघेपर्यंत पोटात कावळे ओरडायला लागतात. गाडी बदलायच्या स्टेशनात उभ्याने खायची सोबाची, म्हणजे रश्श्यातल्या कुट्टूच्या नूडल्सची टपरी आहे आणि तिच्या दारातच तिकीट-यंत्र. त्या तिकिटाला इथे ‘शोक्केन’ म्हणतात. पैसे टाका, बटण दाबा, चिठ्ठी काउंटरवर ठेवा. दोन-तीन मिनिटांत वाफाळता वाडगा समोर येतो. आठवड्यातून तीनदा तरी मी तिथे असते.

आपल्याकडेही कितीतरी कँटीनमध्ये आधी कुपन, मग वडा. पण तिथे गल्ल्यावर माणूस असतो, ‘ताई, आज मिसळ संपली’ असं सांगणारा. इथे पदार्थ संपला की बटणावर लाल दिवा लागतो. सुरुवातीच्या दिवसांत मला तेच बरं वाटायचं. दिवसभर ऑफिसात अडखळत बोलून झाल्यावर कुणाशी एक शब्द न बोलता गरम काहीतरी खाता येणं, याचा केवढा आधार होता! पोरक्या वाटणाऱ्या शहरात रोज हमखास जमणारी ती एक गोष्ट होती.

पहिली अडचण पैशांची आली. एटीएममधून दहा हजार येनच्या नोटा हातात पडल्या आणि जुनी यंत्रं बहुधा फक्त हजाराची नोट घेतात. त्यात 3 जुलै 2024 ला जपानने नव्या नोटा आणल्या. बऱ्याच टपऱ्यांची यंत्रं तेव्हा बदललेली नव्हती, त्यामुळे माझी कोरी करकरीत नोट ते जीभ काढल्यासारखी परत द्यायचं. 2021 मध्ये आलेलं दुरंगी पाचशेचं नाणंही कित्येक ठिकाणी खळ्ळकन खाली पडतं. मागे रांग असताना हे झालं की कानशिलं तापतात. आता कोपऱ्यावरच्या दुकानात आधी मोठी नोट मोडून घेते. स्टेशनातल्या टपऱ्यांवर बहुतेक वेळा सुइका कार्ड (रेल्वेचं आधी पैसे भरायचं कार्ड) चालतं, तो सगळ्यात सोपा मार्ग. आणि सुटे पैसे आपोआप येतीलच असं नाही, काही यंत्रांना त्यासाठी खटका फिरवावा लागतो. मी एकदा तशीच पुढे गेले, तर मागचे आजोबा नाणी घेऊन माझ्या वाडग्यापर्यंत आले.

टचस्क्रीनपेक्षा जुनं बटणांचं यंत्र मला कितीतरी जास्त आवडतं. सगळा मेनू एका नजरेत दिसतो, टाकलेल्या पैशांत बसणारी बटणं उजळतात, आणि जागा पाठ होतात. ‘तेन्’ म्हणजे तेम्पुरा, ‘तामागो’ म्हणजे अंडं, ‘ओओमोरि’ म्हणजे जास्तीचं वाढप, ही अक्षरं मी बटणांवरच शिकले. एका टपरीच्या टचस्क्रीनवर इंग्रजीचं बटण होतं, ते दाबलं तर अर्धेच पदार्थ उरले. वर घ्यायच्या गोष्टी त्यातून गायबच. वाचत बसलं की पडदा पुन्हा पहिल्या पानावर जातो.

चिठ्ठी दिल्यावर मात्र बोलावं लागतंच. ‘सोबा? उदोन?’ असं विचारतात. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्स. कधी गरम की गार, तेही. सोबा कुट्टूचा असतो, पण त्यात बहुधा गहूही असतो, म्हणून उपवासाला चालत नाही. ज्यांना कुट्टूची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी उदोनही जपून घ्यावा, कारण अनेक ठिकाणी दोन्ही एकाच पाण्यात उकळतात.

खरी अडचण पुढेच आहे. माझं आवडतं म्हणजे कोरोक्के सोबा. रश्श्यात सोडलेलं बटाट्याचं तळलेलं कटलेट. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा कोल्हापूरचा कट वडा आठवून डोळे भरून आले. मी मासे-अंडी खाते, मटण-चिकनसुद्धा नाही. महिनाभराने काउंटरवरच्या मावशींना धीर करून विचारलं, ‘निकु, हाइत्तेमासु का?’ मांस आहे का यात? त्यांनी मान हलवली. खिमा होता. त्यांनी माझी चिठ्ठी परत घेतली, वरचा फरक हातावर ठेवला आणि तळणीचा चुरा घातलेला तानुकि सोबा दिला.

एप्रिलमध्ये आई आली. ती पूर्ण शाकाहारी. यंत्र बघून लहान मुलीसारखी हरखली, माझं बटण तिनेच दाबलं. पण साध्या काके सोबाच्या रश्श्यातही कात्सुओबुशिचा, म्हणजे सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो. तिच्यासाठी त्या तीस-चाळीस बटणांत एकही नव्हतं. मी आत उभ्याने खाल्लं आणि ती बाहेर बाकावर घरची दशमी-चटणी खात बसली. तो घास मला गोड लागला नाही.

म्हणून शाकाहारी मंडळींना सांगते, बटणावरच्या भाजीच्या चित्रावर जाऊ नका. आधी काउंटरवर जाऊन ‘दाशि’, म्हणजे रश्श्याचा मूळ अर्क कशाचा आहे, ते विचारा, मग यंत्राकडे वळा. रांग थांबली तरी चालेल. आणि टपरीवाल्यांनी किमतीशेजारी मासा, कोंबडी, डुक्कर, गाय यांची छोटी चित्रं चिकटवावीत. हाताने लिहिलेल्या पट्ट्या ते बटणांवर लावतातच, त्यात एवढी जागा नक्की निघेल.