नात्यातले मूल की संस्थेतले मूल: दत्तकाच्या वाटा आणि त्यांतील फरक

१८८४ च्या मार्च महिन्यात कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव या मुलाला कोल्हापूरच्या राणी आनंदीबाईंनी दत्तक घेतले आणि पुढे तो राजर्षी शाहू महाराज म्हणून ओळखला गेला. त्याआधीच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी काशीबाई नावाच्या विधवेच्या मुलाला आपला मुलगा मानून वाढवायला घेतले होते, आणि त्याचेही नाव यशवंतच होते. पहिल्या दत्तकात गादीला वारस हवा होता आणि तो परिचित घराण्यातून आला. दुसऱ्यात मुलाला घर हवे होते, त्यामुळे रक्ताचा किंवा जातीचा प्रश्नच उद्भवला नाही. आज भारतात दत्तकासाठी जे दोन मुख्य कायदे आहेत, ते जवळजवळ याच दोन धाग्यांवर उभे आहेत. म्हणून मूल दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या जोडप्याने कागदपत्रे गोळा करण्यापूर्वी, आपण ओळखीच्या एका विशिष्ट मुलाला आपले म्हणणार आहोत की ज्याला कोणीच नाही अशा मुलासाठी दार उघडणार आहोत, हे स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे. पुढचे बहुतेक फरक या उत्तरातूनच निघतात.

पहिली वाट नात्यातल्या मुलाची. ‘बहिणीने धाकटा मुलगा माझ्या ओटीत घातला’ असे आपल्याकडे सहज बोलले जाते, परंतु ओटीत घालणे आणि कायद्याने दत्तक होणे यांत मोठे अंतर आहे. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा उपलब्ध आहे. त्यात मूल देणाऱ्याने ते प्रत्यक्ष द्यावे आणि घेणाऱ्याने प्रत्यक्ष स्वीकारावे, हा विधीचा गाभा आहे. दत्तहोम, म्हणजे दत्तकाच्या वेळचा धार्मिक होम, झालाच पाहिजे असे बंधन नाही. दोन्ही पक्षांच्या सह्यांचे दत्तकपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवले, तर ते दत्तक कायदेशीर आहे असे न्यायालय प्रथमदर्शनी गृहीत धरते आणि ते खोटे ठरवण्याचा भार विरोधकावर येतो. मुद्रांकावर नुसती नोटरी करून ठेवलेल्या कागदाला हे बळ नसते. मूल शाळेत जाईपर्यंत हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसनोंद करायची वेळ येते आणि चुलतभाऊ हरकत घेतात, तेव्हा तो फार महागात पडतो.

या कायद्याच्या अटी मात्र नीट वाचायला हव्यात. ज्यांना मुलगा, मुलाचा मुलगा किंवा त्याचा मुलगा आहे त्यांना या कायद्याने मुलगा दत्तक घेता येत नाही, आणि ज्यांना मुलगी किंवा मुलाची मुलगी आहे त्यांना मुलगी घेता येत नाही. पुरुषाने मुलगी किंवा स्त्रीने मुलगा दत्तक घ्यायचा असेल, तर दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचे अंतर लागते. मूल १५ वर्षांच्या आतील आणि अविवाहित असावे, असा सर्वसाधारण नियम आहे. तथापि रूढी सिद्ध झाल्यास त्याला अपवाद होतो, आणि जुन्या मुंबई प्रांतात मोठ्या वयाचा, अगदी विवाहित माणूसही दत्तक जाण्याची रूढी न्यायालयांनी मान्य केलेली आहे. दत्तकासाठी पैसे देणे किंवा घेणे हा गुन्हा आहे. झालेले वैध दत्तक पुढे कोणालाही रद्द करता येत नाही, हेही दोन्ही घरांनी सही करण्याआधी एकत्र बसून समजून घेतले पाहिजे.

नात्यातले मूल घेण्याचा दुसरा कायदेशीर मार्ग २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे आणि तो सर्व धर्मांच्या कुटुंबांना खुला आहे. एके काळी मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली केवळ पालक होता येत असे, आई-वडील होता येत नसे. आज त्यांना हा मार्ग आहे. मात्र येथे ‘नातेवाईक’ या शब्दाची व्याख्या आटोपशीर आहे: काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. चुलतभावाचे मूल या व्याख्येत बसत नाही. अर्ज केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या संकेतस्थळावरून होतो, जन्मदात्यांची संमती लागते आणि शेवटी शासकीय आदेश मिळतो. या मार्गाला दत्तकपत्रापेक्षा वेळ अधिक लागतो, पण स्वतःला मुलगा असतानाही भाच्याला घेता येते. उलट, अविवाहित काकाला पुतणी दत्तक घ्यायची असेल तर हा मार्ग बंद आहे, कारण बाल न्याय कायदा एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक देत नाही. १९५६ चा कायदा २१ वर्षांच्या अंतरावर ती मुभा देतो. ज्या घरांना दोन्ही पर्याय आहेत त्यांनी, माझ्या मते, शासकीय आदेशाचा मार्ग निवडावा. दत्तकपत्राच्या वेळी मुलाच्या हिताची चौकशी त्रयस्थ माणूस करत नाही, आणि मोठ्यांच्या भावनांच्या भरात मुलाचे काय होणार आहे, हे निदान एकदा तरी बाहेरच्या डोळ्यांनी पाहिले जावे, असे मला मनापासून वाटते.

नात्यातल्या दत्तकाची खरी कसोटी घरातच लागते. जन्मदाती आई मावशी म्हणून दिवाळीला घरी येते, सख्खी भावंडे मामेभाऊ-मावसभाऊ म्हणून खेळतात, आणि हे सत्य मुलाला एखाद्या लग्नाच्या मांडवात तिऱ्हाइताकडून कळण्याचा धोका कायम राहतो. हे सांभाळायची तयारी दोन्ही घरांत नसेल, तर नात्यातले दत्तक सोपे वाटत असूनही सर्वांत अवघड ठरते.

दुसरी मोठी वाट संस्थेतील मुलाची. अनाथ, सोडून दिलेले किंवा जन्मदात्यांनी स्वखुशीने सोपवलेले मूल बाल कल्याण समितीने ‘दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त’ घोषित केल्यानंतरच दिले जाते. सोपवणाऱ्या आई-वडिलांना निर्णय बदलण्यासाठी ६० दिवस मिळतात. दत्तक घेणाऱ्यांनी ‘कारा’च्या संकेतस्थळावर नोंदणी करायची, सामाजिक कार्यकर्त्याकडून गृहभेटीचा अहवाल होऊ द्यायचा आणि मग वाट पाहायची. जोडप्याच्या लग्नाला किमान दोन वर्षे झालेली असावीत. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोघांच्या वयाची बेरीज ८५ च्या आत, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९० च्या आत, चार ते आठसाठी १०० आणि त्यापुढे ११० च्या आत असावी लागते. एकट्या व्यक्तीसाठी हीच मर्यादा अनुक्रमे ४०, ४५, ५० आणि ५५ वर्षे आहे. ज्यांना आधीच दोन किंवा अधिक मुले आहेत, त्यांना विशेष गरजा असलेल्या किंवा सहज घर न मिळणाऱ्या मुलांचाच विचार करता येतो. २०२१ च्या दुरुस्तीने अंतिम आदेशाचा अधिकार न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांना दिला असून ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. त्यानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, संस्था मुलाची विचारपूस करते.

या वाटेवरचे सर्वांत मोठे दुःख प्रतीक्षेचे आहे. २०२४-२५ मध्ये देशभरात ४,५१५ मुले दत्तक गेली, तर नोंदणी करून थांबलेली कुटुंबे याच्या कित्येक पट आहेत, त्यामुळे निरोगी लहान बाळासाठी तीन-चार वर्षे जाणे नवलाचे राहिलेले नाही. त्याच वेळी सहा-आठ वर्षांची मुले, भावंडांच्या जोड्या आणि वैद्यकीय उपचारांची गरज असलेली मुले संस्थांमध्ये घराची वाट पाहत असतात, आणि त्यांच्यासाठी नोंदणीकृत कुटुंबांना इतके थांबावे लागत नाही. बाळाचे पहिले पाऊल पाहण्याची इच्छा स्वाभाविक आहे, तिला कोणी नावे ठेवू नयेत. पण सात वर्षांच्या मुलीने स्वतःहून ‘आई’ म्हणण्याचा क्षण कमी मोलाचा नसतो, एवढा विचार नोंदणीच्या वेळी वयाचा रकाना भरताना अवश्य करावा.

प्रतीक्षेला कंटाळून कोणी रुग्णालयातून परस्पर बाळ मिळवून देण्याची भाषा केली, तर तिथेच थांबावे. कायद्याबाहेर मूल देणाऱ्या-घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत, आणि मुलाची खरेदी-विक्री करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. त्याहून वाईट म्हणजे असे मूल उघडकीस आल्यावर घरातून हलवले जाऊ शकते आणि त्याच्या जन्माची खरी नोंद कायमची पुसलेली असते. संस्थेतून आलेल्या मुलाची माहिती मात्र जपून ठेवलेली असते, आणि १८ वर्षांचे झाल्यावर त्याला आपल्या मुळांचा शोध घेण्याचा अर्ज करता येतो.

दोन लहान वाटांचाही उल्लेख करतो. पुनर्विवाहानंतर जोडीदाराच्या मुलाला सावत्र पालकाने दत्तक घेण्याची तरतूद ‘कारा’च्या नियमांत आहे; केवळ शाळेच्या दाखल्यावर नाव बदलून ते मूल कायद्याने आपले होत नाही. आणि ज्यांना आयुष्यभराच्या बांधिलकीची खात्री नाही, त्यांच्यासाठी प्रतिपालकत्व आहे: शासनाच्या देखरेखीखाली मूल काही काळ आपल्या घरी वाढते, वारसाहक्क निर्माण होत नाहीत, आणि जन्मकुटुंब सावरल्यास ते परत जाते. मूल दत्तकासाठी मुक्त असेल तर दोन वर्षांच्या सहवासानंतर तेच कुटुंब त्याला दत्तक मागू शकते.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक चूक टाळावी. गावी येऊन भाच्याचे दत्तकपत्र नोंदवले आणि परतीचे तिकीट काढले, असे होत नाही. दत्तक १९५६ च्या कायद्याने झाले असले तरी मुलाला परदेशी नेण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पडताळणी आणि ‘कारा’चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि त्या देशाचे स्वतःचे नियमही असतात. अनिवासी भारतीयांना संस्थेतील मुलासाठी देशातील कुटुंबांच्या बरोबरीचे स्थान आहे, परंतु अर्ज राहत्या देशातील मान्यताप्राप्त संस्थेमार्फत करावा लागतो. हे सर्व मूल ओटीत घेण्याआधी विचारून घ्यावे, म्हणजे नवे आई-वडील विमानात आणि मूल आजीजवळ दारात उभे, अशी वेळ येणार नाही.