वूप अ‍ॅप: दोन महिने वापरल्यावर

नोकरी गेल्यानंतरचे सात महिने मी कसे काढले ते आधी सांगते, नाहीतर या अ‍ॅपला एवढं चांगलं का म्हणतेय ते कळणार नाही. तेव्हा माझ्या फोनवर एक दुसरं अ‍ॅप होतं, नाव नाही घेत, दिवसातून चार-पाच वेळा "सगळं छान होणार आहे" टाइप नोटिफिकेशन यायचं आणि खरं सांगते, बरं वाटायचं. डोळे मिटून नवीन ऑफिस, नवीन टेबल, पहिला पगार सगळं बघायचे आणि उठल्यावर अर्ज मात्र पाठवायचे नाही, आठवड्याला एखादा, तोही जुनाच बायोडेटा जोडून. सेव्हिंग संपत आलं, हप्ते थकले, आणि मी आपली रोज रात्री उद्याची वाट बघत झोपायचे.

वूपमध्ये चारच पायऱ्या आहेत. इच्छा काय, ती पूर्ण झाली तर सगळ्यात चांगलं काय होईल, तुमच्या आतलं काय आडवं येतंय, आणि ते आडवं आलं की नेमकं काय करणार. पहिल्या दोन पटापट लिहून झाल्या, सवयच होती. तिसरीवर अडकले. "मार्केट डाऊन आहे" लिहिलं, पण इथे आतली अडचण शोधायची असते म्हणून खोडलं, मग "वेळ मिळत नाही" लिहिलं, तेही खोटंच. बऱ्याच वेळाने खरं काय ते बाहेर आलं, जुन्या सहकाऱ्यांना फोन करायची मला लाज वाटते. सात महिन्यांत हे मी कुणाला बोलले नव्हते, स्वतःलाही नाही, आणि ते लिहिलेलं बघून मी रडले.

चौथ्या पायरीत "जर असं झालं, तर मी हे करीन" असं एकच वाक्य लिहायचं. माझं होतं, जर फोन हातात घेऊन पोटात गोळा आला, तर मी विचार न करता यादीतलं पहिलं नाव डायल करीन. त्या आठवड्यात सहा फोन झाले. दोघांनी उचललेच नाहीत, एकीने मात्र तासभर बोलून बायोडेटा नीट करून दिला.

ही पद्धत गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनातून आलीये, आणि जर-तर वाला भाग पीटर गोलविट्झर यांच्या कामातून. ओटिंगेन यांनी शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या मुलांचा दोन वर्षं मागोवा घेतला होता, ते 2002 साली छापून आलं. जी मुलं यशाची गोड स्वप्नं जास्त रंगवत होती त्यांनी अर्जच कमी पाठवले, ऑफर कमी आल्या, पगारही कमी मिळाला. पण जमेल असा अंदाज ज्यांना होता त्यांचं चांगलं झालं, म्हणजे आशा वाईट नाही, स्वप्न रंगवत बसणं वेगळं. 2011 च्या अभ्यासात तर अशी स्वप्नं रंगवल्यावर लोकांचं वरचं बीपी खाली आलेलं दिसलं, काम झाल्यासारखं शरीर सैल पडतं. माझे सात महिने अगदी असेच गेले हो.

अजून एक, हे अ‍ॅप इच्छा सोडायलाही लावतं. मला जुनीच पोस्ट परत हवी होती. तीन वेळा चारही पायऱ्या केल्या आणि प्रत्येक वेळी दिसलं की ते डिपार्टमेंटच बंद झालंय, माझ्या हातात काहीच नाही. ती इच्छा मी काढून टाकली. त्या रात्री खूप वाईट वाटलं पण दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या क्षेत्रातले अर्ज भरायला बसले.

सगळ्यांना चालेल असं मात्र नाही. ज्याला अंथरुणातून उठवत नाहीये, जगणं नको वाटतंय त्याने अ‍ॅपच्या नादी न लागता आधी डॉक्टरकडे जावं, प्लीज. आणि जिथे कामंच नाहीत तिथे हे अ‍ॅप काम तयार करून देणार नाही, अडचण आतच शोधायची म्हटल्यावर सगळा दोष आपलाच असं वाटायला लागतं, मला पण दोनदा तसं वाटलं. म्हणून एक स्टार कमी, चार देते.

अजून नोकरी लागलेली नाही. दोन इंटरव्ह्यू झाले, तिसरा गुरुवारी आहे, त्याचं जर-तर आत्ताच लिहून ठेवलंय.