स्प्रूसच्या जंगलासाठी कोणता शिकारी भुंगेरा?

युरोपातील स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लागवडीत साल पोखरणाऱ्या किडींवर परभक्षी भुंगेरे वापरायचे, तर थॅनासिमस फॉर्मिकॅरियस आणि ऱ्हायझोफॅगस ग्रँडिस ही दोन नावे हमखास पुढे येतात. मात्र निवड करण्यापूर्वी झाडात कोणती कीड आहे हे पाहावे, कारण दोघांची भूक सारखी नाही.

ऱ्हायझोफॅगस जेमतेम पाच मिलिमीटरचा, तांबूस आणि दिसायला अगदी सामान्य. पण तो डेन्ड्रोक्टोनस मायकन्स या एकाच किडीच्या मागावर असतो. या किडीच्या अळ्या सालीखाली एकाच पोकळीत खांद्याला खांदा लावून खात पुढे सरकतात आणि मागे विष्ठा-भुशाचा थर सोडतात. त्याच थराच्या वासावर हा शिकारी राळेने माखलेले भोक शोधून आत शिरतो, तेथेच अंडी घालतो, आणि मग त्याच्या अळ्याही त्या आयत्या कळपावर ताव मारतात. ही कीड ब्रिटनमध्ये 1982 साली आढळली, आणि 1984 पासून बेल्जियममधून आणलेल्या भुंगेऱ्यांची पैदास करून ते जंगलात सोडण्यात आले. तेथे ते टिकले. कीड हीच असेल, तर माझे मत निःसंशय याच्या बाजूने आहे.

थॅनासिमस मात्र स्प्रूसची साल पोखरणाऱ्या आयप्स टायपोग्राफससह अनेक प्रकारच्या साल-भुंगेऱ्यांवर जगतो. मुंगीसारखा लगबगीने सालीवर फिरणारा, लाल-काळा आणि पंखांवर पांढरे पट्टे असलेला हा शिकारी प्रौढ किडीला पकडून फोडतो, तर त्याची गुलाबी अळी सालीखालच्या अळ्या खाते. त्याच्या अळ्या एकमेकींनाही खात असल्याने मोठ्या प्रमाणावर पैदास करणे जिकिरीचे होते; शिवाय कोषासाठी त्याला जाड साल लागते, जी स्प्रूसपेक्षा पाइनवर सहज मिळते. 1892 मध्ये अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ हॉपकिन्स यांनी तो जर्मनीतून अमेरिकेत नेला, पण तेथे तो रुजला नाही.

त्यामुळे आयप्सचा त्रास असलेल्याने थॅनासिमस विकत आणण्याचा विचार सोडून असलेला जपावा: मधूनमधून पाइन राखावेत, आणि आयप्ससाठी लावलेल्या गंध-सापळ्यांत हेच मित्रकीटक अडकतात काय, ते तपासत राहावे. आयप्सची मोठी लाट आली, की बाधित झाडे वेळीच तोडून हलवण्याला पर्याय नाही; एकटा थॅनासिमस ती थोपवू शकत नाही.