गोल्फची शिकवणी: दिवाळी ते जून, माझा अनुभव

गोल्फसाठी कोच लावून फायदा होतो का? होतो, आणि चांगला होतो. दिवाळीनंतर मी नागपुरात कोच लावला तेव्हा ड्रायव्हरने, म्हणजे लांब मारायच्या क्लबने (काठीने), मारलेला प्रत्येक दुसरा चेंडू उजवीकडच्या झाडीत जायचा. आता जून लागलाय आणि बहुतेक चेंडू फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर), नाहीतर निदान कडेच्या गवतात सापडतात. पन्नाशीत खेळ सुरू केलेल्या माणसाला हे मोठंच समाधान आहे.

स्लाइसचंच, म्हणजे चेंडू उजवीकडे वळण्याचंच, आधी सांगतो. चेंडू उजवीकडे वळतो म्हणून बरेच जण आणखी डावीकडे तोंड करून उभे राहतात. त्यामुळे स्विंग, म्हणजे क्लबचा फेरा, आणखी बाहेरून आत येतो आणि चेंडू जास्तच वळतो. कोचने मागून मोबाइलवर स्लो-मोशन व्हिडिओ काढला, पण पहिल्या दिवशी स्विंगला हात लावला नाही. फक्त ग्रिप (क्लबची पकड) बदलली: डावा हात थोडा उजवीकडे, मुठीचे दोन सांधे वरून दिसतील इतका. मग म्हणाला, "भाऊ, बॉल कुठं गेला ते सोडा, फेस कुठं होता ते सांगा." चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबफेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) जिकडे असेल तिकडे, आणि वळतो तो फेस अन् स्विंगची दिशा यांत जितका फरक असेल तितका. हे डोक्यात बसलं की शॉट का बिघडला ते आपलं आपल्याला शोधता येतं. सगळ्या फीचं मोल मला इथेच वसूल झालं.

दुसरी युक्ती अगदी साधी. ड्रायव्हरचं कव्हर चेंडूच्या पलीकडे, किंचित मागे ठेवायचं. स्विंग बाहेरून आला की कव्हर उडतं. कोच नसतानाही चूक लगेच कळते.

ग्रिप बदलल्यावर सुरुवातीला खेळ बिघडतो, हे मात्र धरूनच चाला. हातमोजा नव्या जागी झिजायला लागतो, जुना हात सारखा परत येतो. हँडिकॅपची, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याची, धास्ती घेऊ नका; तो शेवटच्या 20 राउंडपैकी सर्वांत चांगल्या 8 वरून निघतो, वाईट राउंड त्याला लगेच बुडवत नाहीत.

सरावाबद्दल माझं मत ठाम झालंय. सेव्हन आयर्नने (मध्यम अंतराच्या क्लबने) ओळीने चेंडूंची बादली रिकामी केली की शेवटचे चेंडू झकास जातात, पण कोर्सवर तोच शॉट लागोपाठ कुणाला मिळतो? दर चेंडूला क्लब बदला, निशाण बदला. चटईवरून मारत असाल तर अधूनमधून गवतावर या. क्लब चेंडूच्या आधी जमिनीला लागला तरी चटईवरून घसरत पुढे जातो आणि शॉट ठीक वाटतो.

स्कोअर (गोल्फमध्ये तो जितका कमी तितका चांगला) मात्र खरा उतरला तो पटिंगने, म्हणजे चेंडू जमिनीवरून भोकात ढकलण्याने. पार 72, म्हणजे 18 भोकांना मिळून अपेक्षित फटके, धरताना दर ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) पटिंगचे दोन फटके गृहीत असतात, म्हणजे 36 फटके, निम्मा खेळ. भारताची गोल्फर अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली ती लांब ड्राइव्हच्या जोरावर नव्हे, पटिंगच्या. मी पटरच्या दोन्ही बाजूंना टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) रोवून, त्यांना धक्का न लावता तीन-चार फुटांवरून मारतो. भोक 108 मिलिमीटरचं, पण त्या अंतरावर आता हात थरथरत नाही.

शिकवणी एकट्याची घ्या. आधी मी एका ठिकाणी गटात शिकलो, तिथे आपली पाळी येईपर्यंत तास संपायचा. आठवड्यातून एक धडा आणि मध्ये दोन-तीन दिवस सराव, एवढं पुरतं. रोज धडा घेतला तर तो मुरायला वेळच मिळत नाही. नवा ड्रायव्हर घ्यायचा विचार असेल तर आधी तेच पैसे कोचला द्या.

नागपूरच्या मे महिन्यात पहाटे साडेपाचला रेंजवर (सरावाच्या मैदानावर) उभं राहायचं आणि ऊन चढायच्या आत घर गाठायचं, दुसरा इलाज नाही. बंकर, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून मारणं, अजून जमत नाही. आता पाऊस लागला की काळी माती बुटांना धरते, त्यामुळे ते शिकणं ऑक्टोबरवर गेलंय. तोवर घरच्या सतरंजीवर पटिंग चालू ठेवणार आहे.